काळे कपडे वारंवार भुरकट पडतायत? डिटर्जंट बदलण्याआधी आणि बदलताना काय तपासायचं

आमच्या नाट्यसंस्थेत पडद्यामागे वावरणाऱ्या सगळ्यांनी काळा शर्ट आणि काळी पँट घालायची, असा नियम आहे. अंधारात नेपथ्य हलवताना माणूस दिसू नये, एवढंच कारण. कपडेपट माझ्याकडे असल्यामुळे एकाच ताग्यातून अठरा सुती शर्ट एकदम शिवून घेतले, सगळ्यांना वाटले आणि धुण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावर सोपवली. सात महिन्यांनी ते परत मागवून एका लांब टेबलावर ओळीने मांडले. सहा शर्ट जवळजवळ नव्यासारखे काळे. नऊ राखेत लोळल्यासारखे. दोन तांबूस. आणि एकाच्या फक्त खांद्यांवरचा रंग उडालेला. कापड एक, रंग एक, शिंपी एक. फरक होता तो धुण्या-वाळवण्याचा.

मग प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. कशाने धुता, किती घालता, भिजत किती वेळ ठेवता, वाळत कुठे घालता. एक उत्तर मला अजिबात अपेक्षित नव्हतं. राखेसारख्या नऊ शर्टांपैकी तीन 'खास गडद कपड्यांसाठी' असं लिहिलेल्या लिक्विडनेच धुतले जात होते. आणि नव्यासारख्या सहांपैकी एक चक्क साध्या पावडरने धुतलेला होता, पण ती पावडर मोजून घेतलेली आणि आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवलेली.

म्हणून 'काळ्या कपड्यांसाठी कोणता डिटर्जंट घेऊ?' असं कोणी विचारलं की मी लगेच नाव सांगत नाही. कपडा कशामुळे फिका दिसतोय ते आधी ओळखायचं, मग डिटर्जंट निवडायचा. हा क्रम उलटा झाला की दर महिन्याला बाटली बदलते आणि कपडे तसेच भुरकट राहतात.

रंग गेलाय, की झाकला गेलाय?

काळा कपडा फिका दिसायला तीन कारणं असतात. एक तर धाग्यातला रंग खरोखर सुटून गेलेला असतो किंवा रसायनाने मोडलेला असतो. किंवा रंग जागच्या जागी असतो, पण त्यावर पांढुरका थर बसलेला असतो: न विरघळलेली पावडर, जड पाण्यातले क्षार, टॉवेलचे तंतू. किंवा मग घासून घासून कापडावर बारीक लव उभी राहिलेली असते. ती लव प्रकाश चहूकडे विखुरते आणि डोळ्याला काळ्याच्या जागी करडं दिसतं. शेवटच्या दोन्ही प्रकारांत रंग बराचसा शाबूत असतो. माझ्याकडच्या नऊ राखाडी शर्टांपैकी सात या दोन प्रकारांतले निघाले आणि बऱ्यापैकी परत काळे झाले. त्यामुळे 'विटला' म्हणून कपडा पोतेऱ्यात टाकण्याआधी खालच्या तपासण्या कराच. त्यांना घरातल्याच वस्तू लागतात.

सुरुवात शिवणीपासून करा. कपडा उलटा करून बाजूच्या शिवणीची माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, उघडून बघा. मायेच्या आतल्या पदराला ऊन लागत नाही, घर्षण जवळजवळ होत नाही. पाणी आणि डिटर्जंट मात्र तिथवर पोचतात. माया आणि बाहेरची बाजू सारखीच फिकी असेल, तर रंग धुण्यातच जातोय. माया गडद आणि बाहेरची बाजू भुरकट असेल, तर घर्षण, ऊन किंवा वर बसलेला थर यांपैकी काहीतरी आहे.

थर आहे का, हे असं कळतं: अर्धा लीटर कोमट पाण्यात चहाचा अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवा. शर्टाचा खालचा एक कोपरा त्यात १५ मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका. मग साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून सावलीत पूर्ण वाळवा. ओला कपडा नेहमीच जास्त काळा दिसतो, म्हणून घाई करून ओल्यावर निकाल लावू नका. वाळल्यावर तो कोपरा शेजारच्या भागापेक्षा स्पष्ट गडद दिसला, तर तुमचा रंग क्षारांखाली दबलाय.

डिटर्जंट अडकलंय का, हे बघायला धुऊन वाळलेला कपडा स्वच्छ बादलीत कोमट पाण्यात टाका. त्यात काहीही घालू नका. हाताने मिनिटभर हलवा. फेस आला किंवा पाणी दुधट झालं, तर मागच्या धुण्यातला डिटर्जंट अजून कपड्यातच आहे. 'गडद कपड्यांसाठी'च्या लिक्विडमधले ते तीन शर्ट मी असे हलवले तेव्हा बादलीवर बोटभर फेस आला. तिघंही दोन शर्टांच्या धुण्याला टोपण काठोकाठ भरून ओतत होते. चिकट थर कापडात राहत होता आणि त्यावर धूळ, तंतू येऊन बसत होते.

लव बघायची असेल तर अंधाऱ्या खोलीत कपडा टेबलावर पसरा आणि टॉर्च कापडाला लागून, आडवा धरा. वरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र लव गवतासारखी उभी दिसते. कॉलरची घडी, बाहीची कड, खिशाचं तोंड, मांडीचा आतला भाग इथे ती सगळ्यात आधी येते.

कुठे फिका पडलाय, त्यावरूनही कळतं

फक्त खांदे किंवा एकच बाजू उडालेली असेल तर ते ऊन. आमचा तो एक शर्ट दिवसभर उन्हात, सुलटाच, हँगरवर टांगलेला असायचा. यात डिटर्जंटचा काही दोष नाही आणि डिटर्जंट बदलून काही होणारही नाही.

काळा तांबूस झाला असेल तर रंग रासायनिकरीत्या मोडतोय. कापडावरचा काळा हा बऱ्याचदा एकाच रंगद्रव्याचा नसतो. गडद निळा, लाल, नारिंगी अशी दोन-तीन रंगद्रव्यं मिसळून तो साधलेला असतो. त्यातलं निळं आधी मोडलं की मागे उरतो तो तांबूसपणा. आमच्या दोन तांबूस शर्टांपैकी एक, डाग काढायच्या ऑक्सिजनवाल्या पावडरमध्ये रात्रभर कोमट पाण्यात भिजत पडायचा. दुसऱ्याची बादली तीच होती जिच्यात आधी पांढरे कपडे क्लोरीन ब्लीचमध्ये भिजवले जात, आणि ती नीट विसळली जात नव्हती.

कॉलरवर, उशीच्या गडद अभ्र्यावर किंवा टॉवेलवर नारिंगी-गुलाबी ठिपके उठत असतील तर डिटर्जंटला दोष देण्याआधी आरशाजवळचं कपाट बघा. मुरुमांच्या अनेक मलमांत बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं आणि ते रंग उडवतं. हात धुऊन पुसले तरी टॉवेलवर त्याच्या खुणा उमटू शकतात.

पाकिटावर काय वाचायचं

पुढची जाहिरात सोडा. मागची घटकांची यादी वाचा. गडद कपड्यांच्या बाबतीत मी त्यात पाच गोष्टी बघते.

सगळ्यात आधी ब्लीच. सोडियम परकार्बोनेट, सोडियम परबोरेट, 'ऑक्सिजन-आधारित ब्लीच', टीएईडी यांपैकी काही दिसलं की ते उत्पादन पांढऱ्या कपड्यांसाठी ठेवायचं. परकार्बोनेट पाण्यात विरघळलं की त्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, आणि पेरॉक्साइड डागाबरोबर रंगही ओढतं. गार पाण्यात ते मंद असतं, ४० अंशांच्या वर जोर धरतं. टीएईडी सोबत असेल तर कमी तापमानालाही काम सुरू होतं. एका धुण्यात फारसं जाणवत नाही. पण वीस-तीस धुण्यांचा हिशोब केला की कपडा सांगतो. असं ब्लीच प्रामुख्याने पावडर आणि टॅब्लेटमध्ये असतं. पाण्यात ते टिकत नाही, म्हणून धुण्याच्या नेहमीच्या लिक्विडमध्ये सहसा घालत नाहीत. गडद कपड्यांना लिक्विड बरं, असं जे म्हणतात त्यामागचं हे खरं कारण. सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे क्लोरीन ब्लीच तर काळ्या कपड्याच्या आसपासही नको.

नंतर ऑप्टिकल ब्राइटनर. हा धडा आम्हाला रंगमंचावर मिळाला. एका प्रयोगात अल्ट्राव्हायोलेट दिवे लावले होते, पांढरं तेवढं उजळून दिसावं म्हणून. दिवे लागले आणि विंगेत उभी असलेली आमची दोन माणसं, काळ्या शर्टांत, निळसर धुरासारखी दिसायला लागली. बाकीची अंधारात बेमालूम मिसळून गेलेली. त्या दोघांच्या घरी सगळे कपडे एकाच 'झळाळी'वाल्या पावडरने धुतले जात होते. ब्राइटनर अदृश्य अल्ट्राव्हायोलेट किरण शोषतो आणि निळसर उजेड परत देतो. पांढऱ्या कपड्याचा पिवळेपणा त्याने झाकला जातो. धुण्यात तो सुती धाग्यावर बसतो आणि धुण्यागणिक साठत जातो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. ब्राइटनर रंग काढत नाही. अगदी गडद काळ्यावर नेहमीच्या उजेडात त्याचा परिणाम थोडाच असतो. उन्हात कपडा किंचित निळसर-राखाडी वाटतो इतकंच. खाकी, शेवाळी, तपकिरी, बदामी अशा छटांवर मात्र तो छटाच बदलून टाकतो. तेव्हा काळ्यासाठी ब्राइटनर नसलेला मिळाला तर उत्तम, पण ब्लीच टाळणं जास्त महत्त्वाचं. यादीत तो 'ऑप्टिकल ब्राइटनर', 'फ्लुओरेसंट व्हाइटनिंग एजंट' किंवा डायसोडियम डायस्टायरिलबायफेनिल डायसल्फोनेट अशा लांबलचक नावाने असतो. आणि लिक्विड म्हणजे ब्राइटनर नाहीच, असं समजू नका. बऱ्याच लिक्विडांत तो असतो. यादी छापलेलीच नसेल तर नोटा तपासायचा छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च कामाला येतो. स्टीलच्या चमच्यात थेंबभर लिक्विड किंवा चिमूटभर पावडर घ्या आणि अंधारात टॉर्च मारा. निळं-पांढरं चमकलं की उत्तर मिळालं. कपड्यावर मारलात तर सुटे पांढरे तंतूही चमकतात. त्यांचे ठिपके दिसतात, ब्राइटनरचं चमकणं मात्र सगळीकडे सारखं पसरलेलं असतं.

तिसरी गोष्ट क्षारता, म्हणजे पाण्याचा अल्कलीपणा; जड पाण्यातले पांढरे क्षार ते वेगळे. ती पीएच या आकड्याने मोजतात. धुण्याच्या पावडरीचं पाणी साधारण १० ते ११ पीएचचं असतं, बहुतेक लिक्विडांचं ७ ते ९च्या दरम्यान. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे क्षारतेत दहापट फरक. मळ काढायला क्षार लागतो हे खरं, पण क्षार आणि उष्णता एकत्र आली की सुती कापडावरच्या काही रंगांचा धाग्याशी असलेला बंध सैल होतो. प्रयोगाला तीन तास घातलेल्या, फक्त घाम लागलेल्या शर्टाला एवढ्या कडक पाण्याची गरज नसते.

चौथी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही: सेल्युलेज. हे एन्झाइम सुती धाग्याची वर उभी राहिलेली बारीक टोकं हळूहळू कुरतडून काढतं. लव गेली की प्रकाश विखुरणं थांबतं आणि खालचा काळा परत दिसायला लागतो. पहिल्याच धुण्यात चमत्कार होत नाही. आमच्या लव आलेल्या चार शर्टांना सहा-सात धुणी लागली, पण त्यानंतर आडव्या टॉर्चमध्ये फरक स्वच्छ दिसत होता. सेल्युलेज सूत, लिनन, व्हिस्कोज यांवर चालतं, पॉलिएस्टरवर त्याचा उपयोग नाही. आणि ते चांगलं म्हणून कपडे त्यात रात्रभर भिजवू नका. व्हिस्कोजसारखं नाजूक कापड त्याने कमकुवत होऊ शकतं.

पाचवी, पीव्हीपी किंवा 'रंग दुसऱ्या कपड्याला लागू न देणारा' घटक. पाण्यात सुटलेला रंग हा पकडून ठेवतो, म्हणजे तो शेजारच्या कपड्यावर बसत नाही. काळ्या पँटबरोबर राखाडी टी-शर्ट धुणार असाल तर याचा उपयोग आहे. पण पँटचा रंग सुटणं तो थांबवत नाही. मशीनमध्ये टाकायचे रंग पकडणारे कागद मिळतात, त्यांचंही तसंच.

थोडक्यात, सुती काळ्यासाठी मी घेते ते लिक्विड असं: ब्लीच नाही, शक्यतो ब्राइटनर नाही, सेल्युलेज आहे. बाटलीवर 'गडद कपड्यांसाठी' लिहिलेलं असो किंवा 'रंगीत कपड्यांसाठी', मला फरक पडत नाही. या दोन्ही प्रकारांत हे घटक साधारण याच पद्धतीने असतात.

कापड बघून अपवाद

काळी लोकर आणि काळं रेशीम यांना वरचं लिक्विड चालणार नाही. बहुतेक डिटर्जंटमध्ये प्रोटिएज असतं, ते प्रथिनं तोडतं, आणि लोकर-रेशीम ही प्रथिनंच आहेत. त्यांच्यासाठी एन्झाइम नसलेलं, पीएच ७च्या आसपासचं वेगळं लिक्विड ठेवा.

पॉलिएस्टरचा काळा सहसा धुण्याने जात नाही. तो राखाडी दिसतोय म्हणजे तंतू चिकटलेत, गोळे आलेत किंवा डिटर्जंट उरलाय. स्वस्त सुती काळ्यासाठी सल्फर रंग फार वापरतात, आणि क्लोरीनपुढे तो क्षणभर टिकत नाही. जीन्सची गोष्टच वेगळी. इंडिगो धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून घासली की पांढरं वर येतं. जीन्सला डिटर्जंटपेक्षा कमी धुणं आणि उलटी करून धुणं जास्त लागू पडतं.

नवीन सुती कपड्याचा पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सुटला तर घाबरू नका. १९५६ साली बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, पण रंगवताना काही भाग न जोडता तसाच उरतो. सुटतो तो हा. भरपूर गार पाण्यात, एकटा, भिजत न ठेवता धुवा आणि ओला गोळा करून बादलीत पडू देऊ नका. सहाव्या-सातव्या धुण्यालाही पाणी काळं होत असेल, तर रंगच कच्चा आहे. त्याला कुठलाही डिटर्जंट पक्का करू शकणार नाही. आमच्यासारखं एकदम ताग्यात कापड घेणार असाल तर विक्रेत्याला आयएसओ १०५ मालिकेतल्या सी०६ या धुण्याच्या चाचणीची श्रेणी विचारा. १ ते ५ अशी श्रेणी असते आणि ५ म्हणजे बदल नाही. मी आता ४च्या खाली घेत नाही.

माप आणि पाणी: नेहमीचे दोन गुन्हेगार

चांगला डिटर्जंट आणूनही प्रश्न परत येत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा मी इथेच येऊन थांबले आहे.

पाकिटावर कमी मळ, जास्त मळ, मऊ पाणी, जड पाणी अशी वेगवेगळी मापं दिलेली असतात. आपण मात्र टोपण भरतो आणि ओततो. टोपणाच्या आत रेघा असतात, त्या उजेडात धरून एकदा बघा. हलक्या धुण्याची रेघ बऱ्याचदा अगदी तळाशी असते. टोपण काठोकाठ भरणाऱ्या त्या तिघांना मी मापाचा छोटा कप दिला आणि बाटली तीच ठेवायला सांगितली. पहिली दोन धुणी नुसत्या कोमट पाण्याने, फेस यायचा थांबेपर्यंत. मग मोजून. महिन्याभरात त्यांतले दोन शर्ट ओळीतल्या काळ्यांच्या बाजूला जाऊन बसले. पण म्हणून फार कमीही घालू नका. सुटलेला मळ पाण्यात तरंगत न राहता परत कपड्यावर बसतो आणि तोही राखाडीच दिसतो.

पावडरच वापरत असाल तर ती कपड्यांवर भुरभुरू नका. मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग ते पाणी बादलीत किंवा मशीनमध्ये घाला. गार पाण्यात पावडर पटकन विरघळत नाही आणि घड्यांत अडकून पांढरे ओरखडे उमटतात. बऱ्याच पावडरींत झिओलाइट नावाचं पाणी मऊ करणारं खनिजही असतं. ते मुळात विरघळतच नाही, विसळूनच काढावं लागतं. काळ्या कपड्यांना एक जादा विसळणं मी कायम देते.

आता पाणी. नळाच्या तोटीवर, बादलीच्या काठावर, गिझरमध्ये पांढरी खपली धरत असेल तर पाणी जड आहे. जड पाण्यात सोडायुक्त पावडर पडली की कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे खडूचा चुराच, आणि तो कापडाच्या विणीत जाऊन बसतो. साबणवडीचं आणखी वेगळं दुखणं: साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट साका होतो. वरून वडी घासायची, ब्रश मारायचा, म्हणजे लवही आली. जड पाण्याच्या घरात काळ्यासाठी लिक्विडच घ्या, आणि आठ-दहा धुण्यांनंतर एकदा क्षार उतरवा: पाच लीटर कोमट पाण्यात चहाचे दोन-तीन चमचे सायट्रिक ॲसिड, त्यात धुतलेला कपडा २० मिनिटं, मग साध्या पाण्यात तीनदा खळबळून काढा. खळबळण्यात कुचराई नको. सुती कापडात आम्ल उरलं आणि त्यावर इस्त्री फिरली की धागा कमजोर होतो. आणि क्लोरीन ब्लीचच्या बादलीत किंवा त्याबरोबर हे कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करायचा उपाय सगळेच सांगतात, म्हणून त्याबद्दल दोन ओळी. रंगवताना पाण्यात मीठ घालतात हे खरं, पण ते रंगद्रव्य पाण्यातून धाग्याकडे सरकावं म्हणून. धाग्याशी त्याला जोडायचं काम मीठ करत नाही. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग जोडला जातो तो सोड्याच्या क्षाराने, त्यामुळे व्हिनेगरनेही तो पक्का व्हायचं कारण नाही. व्हिनेगरने काळा उजळला असं कोणाला वाटलं असेल तर वरचे क्षार उतरले असतील.

धुतानाचं थोडं

कपडा उलटा करा, चेन आणि बटणं लावा, पाणी गार किंवा ३० अंशांपर्यंत. टॉवेल आणि काळे कपडे एकत्र कधीही नको. मशीन ठासून भरू नका. कपड्यांच्या वर आडवा तळहात सहज जायला हवा. ठासलं की कपडे एकमेकांवर घासतात आणि विसळणंही नीट होत नाही. भिजवायचंच असेल तर अर्धा तास पुरे. पिळण्याचा वेग कमी. सावलीत, उलटंच वाळत घाला. इस्त्रीही उलट्या बाजूने, नाहीतर पॉलिएस्टर मिसळलेल्या काळ्यावर चकाकी येते, आणि ती काही केल्या जात नाही.

बदल करूनही फरक दिसत नसेल तर

नवा डिटर्जंट एका धुण्यावरून जोखू नका. जुना थर उतरायलाच दोन-तीन धुणी जातात, सेल्युलेजला त्याहून जास्त लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. डिटर्जंट, माप आणि वाळवायची जागा एकाच आठवड्यात बदलली तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मशीन असेल तर तिला एकदा रिकामीच, गरम पाण्यावर चालवा आणि पावडरचा कप्पा काढून घासा. तिथे जुन्या पावडरीचा लगदा साचलेला असतो आणि तो प्रत्येक धुण्यात थोडा थोडा उतरतो. आमच्या नऊपैकी एका शर्टाचं कोडं त्या कप्प्यातच सुटलं.

हे सगळं करून माया आणि बाहेरची बाजू सारखीच फिकी राहिली, तर रंग खरंच गेलाय. उन्हाने उडालेला आणि ब्लीचने मोडलेला रंग धुऊन परत येत नाही. सुती कपडा पुन्हा काळा रंगवता येतो; शिवणीचा दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो, तो रंग घेत नाही आणि जुन्याच छटेचा राहतो, तेवढं लक्षात ठेवून रंगवायला टाका. आमचे दोन तांबूस आणि एक खांदे उडालेला, असे तीन शर्ट तसेच रंगवले.

आता नवीन शर्ट शिवताना मी शिंप्याकडून बोटभर रुंदीची पट्टी मागून घेते आणि तारीख लिहून जाड पाकिटात, अंधारात ठेवते. दर दहा धुण्यांनी शर्ट खिडकीशी नेऊन त्या पट्टीशेजारी धरायचा. डोळ्याला रोज बघून फिकेपणा कळत नाही, पट्टीशेजारी लगेच कळतो, आणि लवकर कळला तर तो बहुधा थर किंवा लव एवढाच असतो.